अमाजुर्, म्हातारी आणि धवलारीण : स्त्रीच्या वयाच्या मोजमापाचा एक विचार

पनवेल हे मुंबई-पुणे मार्गावरचे जुने बंदर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाल्यावर मुंबईचा प्रवासी जलमार्गाने पनवेलच्या खाडीत उतरे आणि तेथून घाटाकडे वळे. १८५२ साली गावात नगरपालिका आली. पुढे १८७२ साली, पनवेल अद्याप ठाणे जिल्ह्यात मोडत असताना, वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी तेथे आयुर्वेदीय औषधांची निर्माणशाळा काढली. राजापूरच्या धूतपापेश्वराचे नाव धारण करणाऱ्या ह्या संस्थेमुळे पनवेलचे नाव औषधाच्या बाटल्यांवरून महाराष्ट्रभर गेले. वैद्याच्या घरातील खलबत्त्यातून औषध कारखान्यात आले, ही वैद्यकाच्या इतिहासातील महत्त्वाची घटना होय. परंतु येथे तिचा उल्लेख निराळ्या कारणासाठी केला आहे. ज्या परंपरेची औषधे ह्या गावात घडू लागली, तीत वार्धक्य दूर करण्याचे एक स्वतंत्र अंग आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी त्या अंगास रसायनतंत्र म्हणतात, आणि सामान्य माणसास त्याची ओळख होते ती च्यवनप्राशाच्या रूपाने. हे औषध ज्याच्या नावाने ओळखले जाते तो च्यवन ऋषी म्हातारा होता व पुन्हा तरुण झाला, एवढे घरोघर ठाऊक असते. ही कथा पुरुषाच्या वार्धक्याची आहे, ह्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

महाभारताच्या वनपर्वात ती विस्ताराने आली आहे. वारुळात तप करीत बसलेल्या जराजर्जर च्यवनाचे डोळे शर्यातिराजाची कन्या सुकन्या हिच्याकडून अजाणता काट्याने टोचले जातात. त्या अपराधाच्या निरसनार्थ तिला ऋषीस अर्पण करण्यात येते. पुढे अश्विनीकुमार च्यवनास तारुण्य देतात. तिघे एकरूप होऊन समोर येतात आणि सुकन्या आपला पती बरोबर ओळखते. कथेचे मूळ ऋग्वेदाइतके जुने आहे. तेथे ऋषीचे नाव च्यवान असे असून, अश्विनांनी त्याच्या अंगावरचे जीर्णत्व वस्त्रासारखे उतरविले व त्याला कुमारिकांचा पती केले असा निर्देश आढळतो.

त्याच ऋग्वेदात, त्याच अश्विनांच्या उपकारांच्या यादीत, एका स्त्रीचेही नाव येते. ती कक्षीवानाची कन्या घोषा. पित्याच्या घरी राहून ती जीर्ण होत चालली होती. अश्विनांनी तिला पती मिळवून दिला. उत्तरकालीन परंपरा तिच्या अविवाहित राहण्याचे कारण त्वचारोग असे सांगते; म्हणजे वय आणि रूप ह्या दोन्ही बाजूंनी ती विवाहास अपात्र ठरली होती. दहाव्या मंडलातील दोन सूक्ते तिच्या नावावर आहेत. अशा स्त्रीसाठी वेदभाषेत एक स्वतंत्र शब्द होता : अमाजुर्. 'अमा' म्हणजे घरी, आणि 'जुर्' हा जीर्ण होणे ह्या अर्थाच्या जॄ धातूपासून आला आहे. घरातच म्हातारी होणारी ती अमाजुर्. हा शब्द घोषेच्या सूक्तातही आला आहे.

ह्या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ठळक होते. वैद्य तेच आणि व्याधीही एकच, ती म्हणजे जरा. च्यवानाला मिळाले तारुण्य, घोषेला मिळाला नवरा. पुरुषाचे वय त्याच्या शरीरात होते व ते शरीरातून काढता येत होते. स्त्रीचे वय तिच्या शरीरात मोजलेच गेले नव्हते. ते विवाहापासूनच्या अंतराने मोजले होते, म्हणून त्यावरचा उपायही विवाह हाच ठरला. ह्या एका भेदाची सावली पुढील मराठी समाजाच्या इतिहासावर दूरवर पडलेली दिसते. ती सर्वत्र सारखी पडली नाही, हेही तितकेच खरे. त्याचा विचार पुढे येईल.

भाषेकडे पाहिले असता हे मोजमाप अधिक स्पष्ट होते. स्मृतिकारांनी मुलीच्या वयाची वर्षे नावे देऊन मोजली आहेत : आठ वर्षांची गौरी, नऊ वर्षांची रोहिणी, दहा वर्षांची कन्या आणि त्यानंतर रजस्वला. तेथून पुढे नावे संपतात. अकरावे आणि साठावे वर्ष ह्यांत स्मृतीच्या कोशाला काही फरक दिसत नाही. साहित्यशास्त्राने नायिकेच्या वर्गीकरणात आणखी थोडी मजल मारली; मुग्धा आणि मध्या ह्यांच्यानंतर प्रगल्भा अथवा प्रौढा आली. पण प्रौढेनंतर कोणी नाही. वय झालेली स्त्री काव्यात आली तर ती दूती म्हणून किंवा कुट्टनी म्हणून, म्हणजे दुसऱ्याच्या प्रणयाची मध्यस्थ म्हणून येते. जेथे व्यवहार असतो तेथेच भाषा बारकाईने मोजते. धान्याची मापे धान्याच्या पेठेत सूक्ष्म असतात, तशातला हा प्रकार.

मराठीने ह्यात आपली भर घातली. 'उपवर' ह्या शब्दात मुलीच्या वयात येण्याचे वर्णन वराच्या संबंधाने केले आहे. 'घोडनवरी' हा अमाजुर् शब्दाचा मराठी वारस म्हणता येईल. येथील 'घोड' हा आकाराचा व अप्रशस्ततेचा वाचक असून 'घोडचूक' ह्या शब्दात तोच दिसतो. घोडनवरा असे पुल्लिंगी रूप होऊ शकते, नाही असे नाही. पण टोमणा म्हणून जी धार स्त्रीलिंगी रूपास आहे ती त्यास नाही. उलट पुरुषासाठी 'बिजवर' आणि 'तिजवर' हे शब्द रूढ होते. त्यांत कितवे लग्न ते सांगितले आहे, वय सांगितलेले नाही. पन्नाशीचा बिजवर आणि पंचविशीचा बिजवर ह्यांना भाषा एकाच पंक्तीस बसवते.

'म्हातारा' व 'म्हातारी' ह्या शब्दांचा इतिहास मात्र अगदी निराळा आहे. त्यांचे मूळ 'महत्तर' हे होय. महत्तर म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रमुखांस हीच संज्ञा आढळते. 'थेरडा' व 'थेरडी' ही आज तुच्छतादर्शक वाटणारी रूपेही 'स्थविर' ह्या आदरवाचक शब्दाच्या प्राकृत 'थेर' ह्या रूपाला 'डा' आणि 'डी' हे प्रत्यय लागून झालेली आहेत. बौद्ध संघात थेर व थेरी ह्या पदव्या होत्या. वैशालीची गणिका अंबपाली भिक्षुणी झाल्यावर तिने आपल्या वृद्ध शरीराविषयी रचलेल्या गाथा पाली थेरीगाथेत आहेत. केसांपासून पायांपर्यंत एकेक अवयव पूर्वी कसा होता व आता कसा झाला आहे हे ती सांगते. तीत खंत शोधणारा वाचक निराश होतो. ज्या रूपावर तिचे मोल ठरले होते त्याचा हिशेब ती तटस्थपणे चुकता करते. घोषेच्या वाट्याला आलेल्या दोन सूक्तांनंतर स्त्रीने स्वतःच्या जरेविषयी स्वतः बोलण्याचा भारतीय वाङ्मयातील हा फार मोठा प्रसंग होय. त्या थेरीची मराठीत थेरडी झाली, ह्यावर वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

तेराव्या शतकात 'म्हातारी' हा शब्द अद्याप खाली घसरला नव्हता, ह्याचा पुरावा महानुभाव वाङ्मयात मिळतो. आद्य मराठी कवयित्री महदाइसा ही वैधव्य प्राप्त झालेली स्त्री. तिची प्रश्न विचारण्याची हौस मोठी होती, आणि चक्रधरांनी तिला 'म्हातारी' असे संबोधून तिच्या जिज्ञासेची व चर्चेच्या आवडीची वाखाणणी केली, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्या संबोधनात रूपाचा संबंध नाही, विवाहाचाही नाही. महत्तर ह्या शब्दातील मोठेपणाचा अंश तेथे जिवंत आहे. गोविंदप्रभूंच्या सांगण्यावरून तिने रुक्मिणीच्या विवाहावर जे 'धवळे' रचले ते मराठीच्या इतिहासात प्रसिद्धच आहेत. विधवेने विवाहाची मंगलगीते रचावी व ती पंथाने आदराने जतन करावी, ही गोष्ट पुढील पाच-सहा शतकांचा वरिष्ठ जातींतील आचार लक्षात घेतला म्हणजे नवलाची वाटते.

त्या आचाराचे केंद्र केस हे होते. विधवेचे केशवपन, आलवण नेसणे, कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे ह्या गोष्टींचे समर्थन वैराग्याच्या नावाने केले जाई. परिणाम पाहिला तर त्यांनी स्त्रीस एका दिवसात वृद्ध केले. विधवांचे 'सकेशा' आणि केशवपन केलेल्या असे दोन वर्ग भाषेत रूढ झाले, ह्यावरून केसांस किती अर्थ आला होता ते कळते. बारा वर्षांची मुलगी नवरा गेल्यामुळे त्याच दिवशी सौंदर्याच्या, शृंगाराच्या व भविष्याच्या पलीकडे जाई. तिच्या शरीराचे वय ह्या निर्णयात कोणी विचारात घेत नसे. हा आचार प्रामुख्याने ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींपुरता होता; बहुसंख्य जातींत पाट अथवा म्होतूर लावण्याची मोकळीक होती. एकोणिसाव्या शतकातील सुधारणेचे वाङ्मय बहुतांशी पहिल्या गटातून आल्यामुळे महाराष्ट्रातील सर्व स्त्रियांचे दुःख एकच होते असा समज होतो. तो टाळला पाहिजे.

पाश्चात्त्य स्त्रीवादी लेखनात ह्या प्रश्नाची मांडणी बरीच पुढे झाली. सिमोन द बोव्हार हिचा वार्धक्यावरील ग्रंथ १९७० साली फ्रेंचमध्ये निघाला, आणि सुसान सोंटाग हिने १९७२ साली वार्धक्याच्या दुहेरी मापाविषयी लिहिले. पुरुषाला सौंदर्याची दोन मापे मिळतात, एक मुलाचे व दुसरे प्रौढ पुरुषाचे. स्त्रीला एकच, तरुण मुलीचे. म्हणून प्रत्येक सुरकुती हा तिचा पराभव ठरतो, असा सोंटागच्या विवेचनाचा रोख आहे. ही मांडणी मार्मिक आहे, परंतु मराठी इतिहासास ती जशीच्या तशी लावता येत नाही. तिच्यात वय हळूहळू चेहऱ्यावर उमटते आणि समाज ते वाचतो. येथे समाजाने चेहऱ्याची वाट पाहिली नाही. सुरकुती पडण्यापूर्वीच न्हाव्याच्या वस्तऱ्याने वय लिहिले. म्हणून येथील स्त्रियांचा पहिला झगडा सुरकुतीशी झाला नाही, तो ह्या लादलेल्या वार्धक्याशी झाला.

त्या झगड्यात ताराबाई शिंदे ह्यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ साली शिक्षा झाली आणि विधवांच्या नीतीची वृत्तपत्रांतून चर्चा सुरू झाली. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. ती १८८२ साली पुण्यात छापली गेली. बायको मेल्यावर पुरुषाने लागलीच दुसरी करावी आणि नवरा मेल्यावर स्त्रीने मात्र विद्रूप होऊन कोपऱ्यात बसावे, ह्या व्यवहारातील अन्याय त्यांनी तिखट, बोलीच्या जवळ जाणाऱ्या भाषेत मांडला. पुस्तक दीर्घकाळ विस्मृतीत गेले होते, स. गं. मालशे ह्यांनी ते १९७५ साली पुन्हा प्रसिद्ध केले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्याचे नाकारले. जो वस्तरा ही प्रथा चालवीत होता तोच थांबला, ही घटना शेकडो व्याख्यानांहून अधिक मोलाची होती. ह्याच सुमारास हरि नारायण आपटे ह्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, आणि तिच्या नायिकेवरील सक्तीच्या केशवपनाने मध्यमवर्गीय वाचक हादरला.

वृद्ध पुरुषाची बाजू तेवढी सोपी राहिली नाही. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकाने (१८९९) जरठ-कुमारी विवाहास रंगभूमीवर उघडे पाडले. त्यातील म्हातारा भुजंगनाथ तारुण्याचा आव आणतो आणि प्रेक्षक हसतो. च्यवनाची कथा तीच. आता मात्र अश्विनीकुमार येत नाहीत. कायद्याने काय केले तेही पाहण्याजोगे आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहाचे बारा केले, १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहासाठी ते चौदा ठरविले, १९७८ च्या दुरुस्तीने अठरा. सारी चर्चा मुलीच्या वयाच्या खालच्या मर्यादेभोवती फिरली. वराच्या वयाची वरची मर्यादा ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यात आलीच नाही. म्हैसूर संस्थानाने १८९४ साली पन्नाशीवरील पुरुषास चौदा वर्षांखालील मुलीशी विवाह करण्यास बंदी केली होती, हा अपवाद संस्थानी राज्याच्या श्रेयात टाकावा लागतो.

लादलेले वार्धक्य एका स्त्रीने आपल्या डोक्यावरून कसे उतरविले त्याचा वृत्तान्त पार्वतीबाई आठवले ह्यांच्या 'माझी कहाणी' ह्या १९२८ सालच्या आत्मचरित्रात आहे. पार्वतीबाई ह्या धोंडो केशव कर्वे ह्यांच्या पत्नी बाया कर्वे ह्यांच्या भगिनी. विशीत वैधव्य आले, रूढीप्रमाणे केशवपन झाले, आणि त्याच वेषात त्या हिंगण्याच्या संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी केस वाढू दिले. हा निर्णय तारुण्यात झाला असता तर त्यास पुनर्विवाहाची इच्छा असे नाव देऊन समाजाने तो आपल्या परिचित चौकटीत बसविला असता. चाळिशीनंतर तो मार्ग उरला नव्हता. ज्या वयात स्त्रीचे रूप कोणाच्याही उपयोगाचे नाही असे मानले जाई, त्या वयात एका स्त्रीने आपले केस आपल्यासाठी ठेवले. पुढे त्या अमेरिकेसही जाऊन आल्या. पण मराठी स्त्रीच्या इतिहासात केस वाढविण्याचा हा निर्णय त्या प्रवासाहून लहान मानता येणार नाही.

पुढील पिढीत प्रश्नाने वेगळे रूप घेतले. १९३३ साली विभावरी शिरूरकर ह्या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला आणि लेखिका कोण ह्याविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. त्या मालती बेडेकर होत. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाचे वय उलटत चाललेल्या मुलींचे मन त्यांत आले होते. घराला त्यांच्या पगाराची गरज असते, आणि तरीही घर त्यांना घोडनवरी समजते. अमाजुर् स्त्री येथे दोन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा बोलू लागली. ह्या वेळी तिच्या हाती पगार होता. शिक्षणाने स्त्रीला नवे मोल दिले, पण जुने माप काढून घेतले नाही. दोन्ही मापे तिच्यावर एकदमच लावली जाऊ लागली.

पगाराच्या जगातही जुने माप पोचले होते, हे तेव्हा मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियाच्या सेवानियमांवरून दिसते. हवाई सुंदरीने पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा, किंवा पहिल्या गर्भारपणी निवृत्त व्हावे, असा नियम होता; पुरुष पर्सरांचे निवृत्तिवय अठ्ठावन्न होते. नर्गेश मिर्झा व इतर ह्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली गर्भारपणाची अट रद्द केली आणि पस्तिशीनंतर मुदत वाढविण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा अनिर्बंध अधिकारही काढून घेतला. विवाहाची अट मात्र न्यायालयाने मान्य केली, आणि स्त्री-पुरुषांचे सेवावर्गच वेगळे असल्याने निवृत्तिवयातील भेदास पक्षपात मानले नाही. गौरी, रोहिणी, कन्या ह्या जुन्या मोजणीत पस्तीस हा एक आकडा नव्याने वाढला, असे कोणी म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. 'हवाई सुंदरी' हा मराठी शब्दच पाहावा; कामाचे नाव रूपावरून पडलेला असा दुसरा व्यवसाय मराठीत सहज आठवत नाही.

इतका वेळ ज्या समाजाची कथा सांगितली तो पनवेलच्या पेठेतील व पुण्याच्या वाड्यांतील समाज होय. त्याच पनवेलच्या खाडीकाठी आगरी व कोळी वस्ती आहे, आणि तेथील हिशेब निराळा होता. मिठागरात, भातखाचरात, मासळीच्या बाजारात स्त्रीचे काम डोळ्यांस दिसते. सासरी जाणाऱ्या मुलीबद्दल वराकडून देज घेण्याची चाल अशाच श्रमजीवी जातींत होती. तिच्या श्रमाची किंमत होत होती, एवढाच त्याचा अर्थ; तेथे स्त्री स्वतंत्र होती असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. परंतु एक संस्था विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ह्या समाजात लग्न लावताना धवले गाणारी धवलारीण असते. हळदीपासून पुढील प्रत्येक विधीचे गाणे तिला पाठ असते व त्या क्रमाने लग्न पुढे सरकते. हे ज्ञान मुखोद्गत असल्यामुळे ते वयाबरोबर वाढते. धवलारीण बहुधा वयस्क असते. तिचे वैधव्य तिच्या अधिकाराच्या आड येतेच असे नाही. पेठेतील घरी ज्या स्त्रीची सावली मंगलकार्यावर पडू नये असे मानले जाई, तशी स्त्री दोन कोसांवरच्या वाडीत मंगलकार्य चालवू शकत होती.

'धवला' आणि महदाइसेचे 'धवळे' ह्यांचे नाते शब्दापुरते तर उघडच आहे. मंगलगीत ह्या अर्थाने 'धवल' ही संज्ञा अपभ्रंश काळापासून चालत आली आहे. दोन्हींमध्ये अखंड परंपरा आहे असे ठामपणे म्हणण्यास मधल्या शतकांचा पुरावा हवा, आणि मौखिक गीतांचा पुरावा मागे राहत नाही. तरीही एक साम्य शब्दाच्या पलीकडचे आहे. दोन्हीकडे विवाहाचे गीत अशा स्त्रीच्या मुखी आले आहे जिला विवाहाच्या मापाने मोजता येत नाही. चक्रधर जिला म्हातारी म्हणत ती आणि खाडीकाठची धवलारीण, ह्या दोघींच्या बाबतीत 'महत्तर' शब्दाचा मूळ अर्थ लागू पडतो.

अलीकडे जुन्या मापास थेट विरोध झाला तो कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड येथे. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामसभेने पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ताराबाईंच्या पुस्तकानंतर ह्याला एकशे चाळीस वर्षे लागली.

पनवेल तालुक्यात आता नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा आहे. २०२५ च्या डिसेंबरात तेथून विमाने उडू लागली. त्यासाठी उलवे, कोंबडभुजे, तरघर, चिंचपाडा, कोपर, वाघिवली अशी खाडीकाठची गावे हलविण्यात आली. ज्या अंगणांत मांडव पडत आणि हळदीच्या रात्री धवले म्हटले जात, ती अंगणे धावपट्टीच्या भरावाखाली गेली आहेत. पुनर्वसनाच्या वसाहतींत लग्ने सभागृहात होतात व त्यांत ध्वनिवर्धक मोठ्याने वाजतो. काही घरी अजूनही धवलारणीस आधी निरोप जातो. तिची गाणी ध्वनिमुद्रित करून, त्यांतील शब्दरूपे महदाइसेच्या धवळ्यांशी ताडून पाहण्याचे काम ती गाणाऱ्या स्त्रिया हयात आहेत तोवरच होऊ शकेल.